घोरणाऱ्या रुग्णास दंतवैद्याकडे पाठवावे काय?

घोरणे हा आपल्या समाजात चेष्टेचा विषय आहे. लग्नाच्या वऱ्हाडात, यात्रेच्या धर्मशाळेत किंवा रेल्वेच्या डब्यात एखादा गृहस्थ घोरू लागला की बाकीचे हसतात आणि सकाळी त्याची नक्कल करून दाखवितात. जो घोरतो त्यास गाढ झोप लागली, तो सुखी जीव, असा सार्वत्रिक समज आहे. स्त्री घोरत असेल तर मात्र ती लाजेची गोष्ट ठरते आणि घराबाहेर तिची वाच्यताही होत नाही. परिणामी घोरण्याची तक्रार घेऊन वैद्याकडे कोणी येत नाही. रुग्ण येतो तो वजन वाढल्याची, दिवसभराच्या सुस्तीची, सकाळी डोके जड असल्याची, रात्री दोन-तीन वेळा मूत्रप्रवृत्तीसाठी उठावे लागल्याची किंवा विसरभोळेपणाची तक्रार घेऊन. घोरण्याचे सांगते ती त्याची पत्नी; तेही औषध घेऊन निघताना, दाराशी, जाता जाता.

या विषयावर लिहिण्यापूर्वी आम्ही आमची एक चूक वैद्यबंधूंपुढे मांडणे उचित समजतो. काही वर्षांपूर्वी मालवाहू ट्रक चालविणारे, पंचेचाळिशीतील एक गृहस्थ आमच्याकडे आले. देह स्थूल, मान आखूड व जाड, हनुवटी किंचित मागे गेलेली, दिवसा सतत पेंग. आम्ही स्थौल्य व अतिनिद्रा असे निदान केले आणि शास्त्रोक्त मेदोहर चिकित्सा आरंभिली. उद्वर्तन, त्रिफळा, गुग्गुळाचे कल्प, यवान्न आणि दिवास्वापाचा कडक निषेध असा सारा क्रम होता. पहाटे लवकर उठावे, झोप कमी करावी, असेही आम्ही त्यांस बजावले. सहा महिन्यांत वजन चार किलो उतरले. पेंग मात्र जशीच्या तशी राहिली. एके पहाटे स्टिअरिंगवरच त्यांचा डोळा लागला आणि ट्रक रस्ता सोडून शेतात गेला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. त्यानंतर त्यांची पत्नी सोबत आली आणि म्हणाली, "वैद्यबुवा, ह्यांचा श्वास रात्री थांबतो हो. मी मनात आकडे मोजते. पंधरा, वीस होतात, मग दचकून पुन्हा घोरायला लागतात." ती माउली कित्येक वर्षे रात्रीची आकडे मोजीत होती. आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते.

ज्यास आम्ही अतिनिद्रा समजत होतो ती वस्तुतः निद्रेची कमतरता होती. हा गृहस्थ रात्री आठ तास अंथरुणावर असे. परंतु प्रत्येक श्वासावरोधानंतर मेंदू त्यास क्षणभर जागे करी आणि त्याची त्यास आठवणही राहत नसे. अशा रुग्णास झोप कमी करण्याचा सल्ला देणे म्हणजे उपाशी माणसास लंघन सांगणे होय. ते आम्ही केले, आणि आमच्यासारखे इतरही करीत असावेत, अशी शंका वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

व्याधीचे स्वरूप

निद्रेत घशाभोवतीचे स्नायू शिथिल होतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे त्यांच्यात जिह्वामूळ व मृदुतालू मागे सरकून श्वासमार्ग आकुंचित होतो आणि त्यातून जाणाऱ्या वायूने तेथील मऊ भाग कंप पावून ध्वनी होतो. हे झाले घोरणे. मार्ग पूर्णतः वा बव्हंशी मिटला आणि ही स्थिती दहा सेकंद वा अधिक काळ टिकली, तर तो श्वासावरोध. अशा घटना दर तासास किती होतात, त्यावर व्याधीची तीव्रता ठरते: पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. आधुनिक वैद्यक यास ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणते. प्रत्येक अवरोधाबरोबर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण उतरते, हृदयाचे ठोके व रक्तदाब उसळतो. हे रात्रीतून शेकडो वेळा आणि वर्षानुवर्षे घडत राहिले म्हणजे औषधांस दाद न देणारा उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित गती व पक्षाघात यांच्याशी या व्याधीचा संबंध का आढळतो, हे वेगळे सांगावयास नको.

हा व्याधी परदेशी नाही. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांचा केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निद्रेतील श्वसनदोष १९.५ टक्के पुरुषांत, तर दिवसाच्या पेंगेसह असलेला पूर्ण स्वरूपाचा व्याधी ७.५ टक्के पुरुषांत आढळला. म्हणजे आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत असे रुग्ण रोज असणार. आपण त्यांस दुसऱ्याच नावाने ओळखत असतो, इतकेच. रात्री लघवीस उठतो म्हणून प्रमेहाचा विचार होतो, सकाळी डोके दुखते म्हणून अम्लपित्ताचा, आणि पेंगतो म्हणून कफाचा.

ग्रंथांत काय आहे, काय नाही

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात अतिस्थूलाची लक्षणे सांगताना क्षुद्रश्वास, तृष्णा, क्षुधा, निद्रा व स्वेद यांच्याच ओळीत 'क्रथन' हा शब्द येतो. माधवनिदानातही मेदोरोगाच्या वर्णनात तो आहे. टीकापरंपरेत त्याचा अर्थ उच्छ्वासाचा एकाएकी होणारा अवरोध असा केलेला आढळतो. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला. पुढे व्यवहारात किती जणांनी रुग्णास क्रथनाविषयी विचारले, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःस द्यावे. चरकाचार्यांनी अष्टौनिंदितीय अध्यायात स्थौल्य आणि निद्रा हे दोन विषय एकाच ठिकाणी मांडले, आणि निद्रेच्या प्रकारांत व्याधीच्या मागोमाग येणारी व्याध्यनुवर्तिनी निद्रा स्वतंत्र मोजली. आमच्या त्या रुग्णाची पेंग ही अशीच व्याधीमागून आलेली होती. तीस केवळ श्लेष्मजन्य समजून तिच्याशी झुंजणे हा आमचा निदानदोष होता, शास्त्राचा नव्हे.

तथापि येथेच एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. ग्रंथात क्रथन आहे, म्हणून त्याची संपूर्ण संप्राप्ति व सिद्ध चिकित्साही ग्रंथात आहेच, असे म्हणणे हा आचार्यांचा गौरव नव्हे. लक्षण त्यांनी अचूक टिपले. त्यामागे जबड्याच्या अस्थीची ठेवण कशी कारण होते, हे त्यांनी सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. मात्र एक गोष्ट लक्षणीय आहे. मुखरोगांच्या वर्णनात सुश्रुताचार्यांनी दंतरोगांतच हनुमोक्ष, म्हणजे हनुसंधीचे स्थानच्युत होणे, समाविष्ट केले. गलशुंडिकेत, म्हणजे वाढलेल्या पडजिभेत, शस्त्रकर्म सांगितले. दात, हनू, जिह्वा, तालू आणि कंठ हा एकच प्रदेश मानून त्याचा विचार करण्याची दृष्टी आपल्या शालाक्यतंत्रात होती. त्या दृष्टीने पाहता, श्वासाच्या व्याधीत दंतवैद्याचे काय काम, हा प्रश्न आपण तरी विचारू नये.

हनू पुढे आणण्याची युक्ती

मूर्च्छित रुग्णाचा श्वास अडखळू लागला म्हणजे भूलतज्ज्ञ त्याच्या खालच्या जबड्याच्या कोनांस बोटे लावून जबडा पुढे ढकलतो व श्वासमार्ग मोकळा होतो. जिभेचा प्रमुख स्नायू खालच्या जबड्याच्या आतील बाजूस, हनुवटीमागे जोडलेला असतो. जबडा पुढे आला की तो जिभेस पुढे आणतो, आणि घशाच्या बाजूच्या भित्तीही ताणल्या जाऊन मार्ग रुंदावतो. भूलतज्ज्ञ जे काही मिनिटे करतो, तेच रात्रभर करण्यासाठी दंतवैद्य वरच्या व खालच्या दातांवर बसणारी, परस्परांस जोडलेली दोन साचेबंद आवरणे तयार करतो. ती झोपताना घालावयाची आणि सकाळी काढून ठेवावयाची. खालचा जबडा जितका पुढे येऊ शकतो त्याच्या साधारण निम्म्यापासून आरंभ करून, त्रास पाहत पाहत, काही आठवड्यांत तो हळूहळू अधिक पुढे आणला जातो.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील दंत व मुखरोगतज्ज्ञ पिएर रोबँ यांनी १९०२ मध्ये जबडा पुढे आणणारे असे एक अखंड साधन वर्णिले होते आणि १९२३ मध्ये लहान हनुवटीच्या अर्भकांत जीभ मागे पडून श्वास कसा अडतो, हे दाखविले होते. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबयुक्त हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र पुढे आणले आणि तेच या व्याधीचे प्रमुख साधन ठरले. आजही तीव्र व्याधीत प्रथम विचार त्याचाच करावयाचा आहे.

मग दातांच्या साधनाचे स्थान कोणते? अमेरिकेतील निद्रावैद्यक व दंतनिद्रावैद्यक या दोन संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे दिलेल्या मार्गदर्शनानुसार, श्वासावरोध नसलेल्या केवळ घोरण्यावर जे उपचार मागतात त्यांस, तसेच ज्यांस सीपॅप सोसत नाही किंवा नको आहे अशा प्रौढ श्वासावरोधी रुग्णांस, काहीही न देण्यापेक्षा हे साधन द्यावे. ते रुग्णाच्या दातांचे माप घेऊन बनविलेले आणि कमी-अधिक करता येणारे असावे, व ते बसविल्यानंतर पुन्हा निद्रातपासणी करावी, असेही त्यात आहे.

येथे कोणी म्हणेल, सीपॅप अधिक प्रभावी असता दुय्यम साधनाचा आग्रह कशासाठी? याचे उत्तर २०१३ मध्ये सिडनी येथून प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात सापडते. त्यातील मध्यम व तीव्र व्याधीच्या रुग्णांनी एक महिना सीपॅप आणि एक महिना दातांचे साधन वापरले. अवरोधांची संख्या सीपॅपने अधिक घटली, हे खरे. परंतु रुग्णांनी सीपॅप रात्रीस सरासरी ५.२ तास, तर दातांचे साधन ६.५ तास वापरल्याचे सांगितले, आणि पेंग, जीवनमान इत्यादी परिणाम दोहोंचे जवळजवळ सारखेच आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय रुग्णांचाही समावेश असलेल्या २,७१७ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात सीपॅपमुळे पेंग व घोरणे कमी झाले. पण पुढील हृद्रोग व पक्षाघात टळल्याचे सिद्ध झाले नाही. तेथे यंत्राचा सरासरी वापर रात्रीस ३.३ तास एवढाच होता. कपाटात ठेवलेले उत्तम औषध पोटात गेलेल्या साध्या औषधापेक्षा श्रेष्ठ नसते, हे वैद्यास नव्याने सांगावयास नको. देश, काल, सात्म्य आणि सत्त्व पाहून चिकित्सा ठरवावी, हे तर आपलेच सूत्र आहे.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या विषयावर वैद्यमित्रांशी बोलताना तीन आक्षेप वारंवार ऐकू येतात.

पहिला असा की, हे साधन व्याधी बरा करीत नाही. घातले तोवर उपयोग, काढले की पुन्हा तेच. हे म्हणणे अक्षरशः खरे आहे. परंतु आपल्या शास्त्रात साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये याप्य नावाची एक सन्माननीय कोटी आहे. पडू पाहणाऱ्या घरास नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तशी योग्य क्रिया याप्य रुग्णास सुखाने धरून ठेवते, हा सुश्रुतोक्त दृष्टांत सर्वांस परिचित आहे. दातांचे साधन हा खरोखरच हनूस लावलेला टेकू आहे. याप्य व्याधीत टेकू नाकारणारा वैद्य घर पडू देतो.

दुसरा आक्षेप असा की, मूळ मेद आहे. मेद उतरविला की टेकूची गरजच नाही. स्थूल रुग्णांत वजन उतरल्याने व्याधी सौम्य होतो, यात शंका नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टिर्झेपटाइड हे वजन उतरविणारे औषध स्थूल व्यक्तींतील मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्य केले, तेव्हा आधुनिक वैद्यकही मेदापर्यंतच आले, असे म्हणता येईल. परंतु सर्वच रुग्ण स्थूल नसतात. आशियाई लोकांत जबडा लहान वा मागे असल्यामुळे वजन बेताचे असूनही हा व्याधी आढळतो. तेथे गुग्गुळ किती दिवस देणार? आणि जे स्थूल आहेत, त्यांचा मेद उतरण्यास महिने, प्रसंगी वर्षे लागतात. तोवर रोज रात्री श्वास अडतच असतो आणि रोज सकाळी तो मनुष्य गाडी चालवावयास निघतच असतो. टेकू लावून मग भिंत दुरुस्त करावी, यात विरोध कोठे आहे? उलट ज्याची रात्रीची झोप सुधारते त्याच्याकडून व्यायाम होतो, पथ्य पाळले जाते आणि आपली मेदोहर चिकित्सा अधिक फलदायी होते.

तिसरा आक्षेप स्पष्ट शब्दांत कोणी मांडत नाही, पण तो मनात असतो. रुग्ण दुसऱ्या शास्त्राकडे पाठविला की तो गेला, आणि शिवाय आपल्या शास्त्रास कमीपणा आला. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य विषयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ कर्मांची यादी अधिसूचित केली. त्यांत दातांशी संबंधित कर्मेही होती आणि आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी तीस तीव्र विरोध केला. त्या वादात कोणी काय करावे, याची पुष्कळ चर्चा झाली. रुग्णास केव्हा आणि कोणाकडे पाठवावे, याची मात्र झाली नाही. आमचे मत असे की, हे साधन माप घेऊन बनविणे, बसविणे आणि त्याचे परिणाम तपासणे हे या कामात प्रशिक्षित दंतवैद्याचेच काम आहे. आपण त्यात हात घालू नये. रुग्ण ओळखून योग्य वेळी पाठविणे हे मात्र पूर्णतः आपले काम आहे आणि त्यात कमीपणा नाही. वैद्यास लाज वाटावी अशी एकच गोष्ट येथे आहे: पत्नी आकडे मोजीत असता आपण चूर्णाच्या पुड्या बांधीत बसणे.

साधनाच्या मर्यादा

आम्ही या साधनाची स्तुती करावयास बसलेलो नाही. त्याच्या मर्यादा वैद्यास ठाऊक असल्या पाहिजेत. कारण रुग्ण तक्रार घेऊन पुन्हा आपल्याकडेच येणार आहे. आरंभी लाळ सुटणे, तोंड कोरडे पडणे, सकाळी जबडा व कानापुढील सांधा दुखणे हे सामान्य असून बहुधा काही आठवड्यांत कमी होते. दीर्घकाळ वापराने दात किंचित सरकतात आणि वरखालच्या दातांची जुळणी बदलते. म्हणून ठरावीक काळाने दंतवैद्याकडून तपासणी आवश्यक आहे. ज्यांचे पुरेसे दात शिल्लक नाहीत किंवा हिरड्यांच्या रोगाने दात हलत आहेत, त्यांस ते बसत नाही. आपल्याकडील मधुमेही रुग्णांत हिरड्यांचे रोग पुष्कळ असल्याने प्रथम त्यांचा उपचार करावा लागतो. गुटखा, मावा, सुपारी यांच्या सेवनाने ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही त्यांस तर माप देणेही दुष्कर होते. तंबाखूसुपारीचा निषेध करण्याचे हे आणखी एक कारण आपण रुग्णास सांगू शकतो.

गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून घ्यावयाची तयार साधने बाजारात मिळतात. तपासणीवाचून ती घेऊन घोरणे कमी झाले तरी अवरोध चालूच राहू शकतो. आवाज गेला म्हणजे व्याधी गेला, असे येथे समजता येत नाही, आणि हा भ्रम घोरण्याहून अधिक घातक आहे. वाढत्या वयातील मुलांस हे प्रौढांचे साधन देऊ नये. तोंडाने श्वास घेणारे, झोपेत घोरणारे मूल आढळल्यास प्रथम टॉन्सिल व नाकामागील ग्रंथींची तपासणी करवून घ्यावी आणि जबड्याच्या वाढीविषयी दंतव्यंगोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

प्रत्यक्ष काय करावे

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णपत्रकात 'क्रथन' असे एक रकाना वाढवावा. स्थौल्य, उच्च रक्तदाब, पेंग, सकाळचा शिरःशूल आणि रात्रीची मूत्रप्रवृत्ती यांपैकी काहीही असता रुग्णास आणि शक्य तर त्याच्या शेजारी निजणाऱ्या व्यक्तीस विचारावे: घोरणे बंद दाराबाहेर ऐकू येते काय? मध्येच श्वास थांबतो काय? गुदमरून जाग येते काय? बसल्या जागी वा वाहन चालविताना डोळा लागतो काय? मानेचा घेर टेपने मोजावा. तो चाळीस सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास संशय बळावतो. रक्तदाब पाहावा. तोंड उघडावयास लावून जीभ, तालू व टॉन्सिल पाहावेत आणि रुग्णाचा चेहरा बाजूने न्याहाळून हनुवटी मागे आहे काय, ते पाहावे. या साऱ्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

संशय आल्यास निद्रातपासणीसाठी छातीविकारतज्ज्ञ वा निद्रातज्ज्ञाकडे पाठवावे. तपासणीवाचून थेट दंतवैद्याकडे पाठवू नये. कारण व्याधी तीव्र असल्यास मार्ग वेगळा आहे. वाहनचालकास, व्याधी आटोक्यात येईतो, रात्रीचे वाहन चालविणे थांबविण्यास निक्षून सांगावे. झोप मोडते म्हणून तक्रार करणाऱ्या रुग्णास क्रथनाची चौकशी केल्यावाचून निद्राजनन औषध, विशेषतः अहिफेनयुक्त कल्प, कदापि देऊ नये; त्याने स्नायू अधिक शिथिल होऊन अवरोध वाढतो. मद्यपानाविषयीही तेच.

आणि आपले कार्य येथे संपत नाही. मेदोहर आहारविहार, रात्री लघु व लवकर भोजन, कुशीवर निजणे, नाक मोकळे ठेवण्यासाठी नस्य, व्यसनमुक्ती हे सारे आपल्याच हाती आहे. घशाच्या स्नायूंच्या व्यायामाकडेही लक्ष द्यावे. २००९ मध्ये ब्राझीलमधील एका छोट्या अभ्यासात जीभ, तालू व घसा यांच्या तीन महिन्यांच्या व्यायामाने मध्यम व्याधीतील अवरोधांची संख्या सुमारे ३९ टक्क्यांनी घटली. २०२५ मध्ये जयपूर येथील ३० रुग्णांवरील अभ्यासात सहा महिने नियमित शंखवादन करणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाल्याचे दिसले. हे अभ्यास लहान आहेत. त्यांवर ढोल वाजवू नये. परंतु वैद्यांनी दंतवैद्य व निद्रातज्ज्ञ यांच्या साहाय्याने, आधी आणि नंतर तपासणी करून, असे काम हाती घ्यावयास हरकत नाही. संघटनेच्या जिल्हा शाखांनी वर्षातून एक बैठक स्थानिक दंतवैद्यांसमवेत घ्यावी आणि तेथील अनुभव, विशेषतः अपयशाचे, या त्रैमासिकाकडे पाठवावेत.

त्या ट्रकचालकाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. तपासणीत त्यांच्या अवरोधांची संख्या तासास २४ निघाली. प्रथम त्यांस सीपॅप दिले गेले. परंतु महिन्यातील निम्म्याहून अधिक रात्री ट्रकच्या केबिनमध्ये काढणाऱ्या माणसाने विजेवरचे यंत्र लावावे कोठे? छातीविकारतज्ज्ञांनीच त्यांस दंतवैद्याकडे पाठविले. तंबाखू सोडणे व हिरड्यांचा उपचार यांत दोन महिने गेले, मग साधन बसले. जबडा पंधरा दिवस दुखला, उशी लाळेने भिजू लागली. ते एकदा साधन फेकून द्यावयास निघाले होते, पत्नीने थांबविले. पुन्हा तपासणी केली तेव्हा संख्या ८ वर आली होती. पेंग गेली. मेदोहर चिकित्सा आमच्याकडे चालूच आहे. ते बरे झाले, असे आम्ही म्हणत नाही; टेकू नीट लागला आहे, इतकेच म्हणतो.

मागील भेटीत त्यांच्या पत्नीस आम्ही विचारले, आता रात्री आकडे मोजता काय? ती म्हणाली, "नाही हो वैद्यबुवा, आता मलाच झोप लागते."

शीर्षकात विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे: होय, पाठवावे, परंतु आधी ओळखावे, मग तपासणी करवावी, मग पाठवावे, आणि पाठविल्यानंतरही रुग्णाची साथ सोडू नये. इत्यलम्।